वासरांच्या हगवणीचे विष आणि त्याची घडण

गोठ्यात जन्मलेले प्रत्येक वासरू ही शेतकऱ्याची पुढील काळासाठी ठेवलेली ठेव होय. आज जन्मलेली कालवड तीन-चार वर्षांनी दुधाला येते, गोऱ्हा पुढे औताला लागतो. ही ठेव पहिल्याच आठवड्यात बुडविणाऱ्या रोगांमध्ये हगवण हा प्रमुख रोग आहे. सकाळी आईच्या सडाला झोंबणारे वासरू दुपारी पिवळसर-पांढरे, पाण्यासारखे पातळ शेण टाकू लागते. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल जातात, आणि वेळीच उपाय झाला नाही तर दुसऱ्या दिवशी ते उठत नाही.

ही हगवण अनेक कारणांनी होते. रोटा व कोरोना या जातींचे विषाणू, क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परोपजीवी आणि साल्मोनेला जंतू यांमुळेही वासरे हगतात. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत येणाऱ्या हगवणीचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे एश्चेरिकिया कोलाय, संक्षेपाने ई. कोलाय, या जंतूचा एक विशिष्ट प्रकार होय. हा जंतू आतड्याला जखम करीत नाही आणि रक्तातही सहसा शिरत नाही. तो एक अतिशय लहान प्रथिन तयार करतो, आणि ते प्रथिन हेच विष असते. या विषाची घडण शास्त्रज्ञांनी अणू-अणूपर्यंत उकलली आहे. पशुवैद्य आणि ग्रामसेवक वासराच्या संगोपनाचे जे नियम वारंवार सांगतात, त्यांतील कित्येकांची कारणे या घडणीवरून स्पष्ट होतात. यास्तव तिची माहिती करून घेणे उपयुक्त आहे.

विषाचा शोध कसा लागला

ई. कोलाय जंतू निरोगी माणसाच्या व जनावराच्या आतड्यात नेहमीच असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. मग त्यांतील काहींमुळेच हगवण का होते, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. या बाबतीत कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचे कार्य पायाभूत ठरले. त्यांनी १९५३ मध्ये सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले, तेव्हा तो भाग पाण्याने तट्ट फुगला. १९५६ मध्ये हगवणीच्या रुग्णांपासून मिळालेल्या काही ई. कोलाय जंतूंमुळेही आतडे तसेच फुगते, असे त्यांना आढळले. पुढे १९५९ मध्ये, जंतू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही पटकीचा परिणाम घडतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे पाणी ओढून काढणारा खरा अपराधी जंतूने सोडलेले विष होय, हे निश्चित झाले.

स्मिथ आणि गाइल्स या संशोधकांनी १९७० मध्ये डुकरांच्या पिल्लांतील ई. कोलाय जंतूंची विषे तपासली, तेव्हा ती दोन प्रकारची निघाली. एक विष तापविल्याने निकामी होई. दुसरे मात्र उकळत्या पाण्याच्या उष्णतेलाही दाद देत नसे. या दुसऱ्या विषास ‘उष्णतेने न मरणारे आंत्रविष’ असे म्हणता येईल. वासरांना हगवण लावणारे ई. कोलाय मुख्यतः हेच विष तयार करतात.

हे विष इतके लहान आहे की, ते शोधणेही अवघड होते. त्यासाठी १९७२ मध्ये एक सोपी परीक्षा निघाली. दूध पिणाऱ्या उंदराच्या पिल्लाच्या पोटात संशयित द्रव सोडून काही तासांनी त्याच्या आतड्याचे वजन करावयाचे. शरीराच्या मानाने आतडे जड भरले, म्हणजे त्यात पाणी साचले व विष हजर आहे, असे समजावयाचे. या परीक्षेच्या आधारे जंतूंच्या काढ्यातून विष टप्प्याटप्प्याने शुद्ध करण्यात आले.

अठरा मण्यांची माळ

प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या घटकांची साखळी होय. निरनिराळ्या रंगांचे मणी एका दोऱ्यात ओवावेत, तशी ही रचना असते. प्रथिनांत साधारणपणे २० प्रकारचे मणी आढळतात. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये असे ५७० हून अधिक मणी असतात. जनावरांच्या जंतूंपासून मिळणाऱ्या या विषात मात्र अवघे १८ मणी आहेत. हा क्रम १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत निश्चित झाला. माणसांना बाधणाऱ्या काही जंतूंच्या विषात १९ मणी असतात, पण दोहोंचा मुख्य भाग जवळजवळ सारखाच असतो.

या १८ मण्यांपैकी ६ मणी सिस्टीन नावाचे, गंधकयुक्त असतात. ही बाब फार महत्त्वाची आहे. दोन सिस्टीन जवळ आले, म्हणजे त्यांच्या गंधकाच्या अणूंमध्ये पक्का जोड बसतो. सहा सिस्टीनांच्या तीन जोड्या होतात. परंतु कोणता कोणाशी जुळला आहे? सहा मण्यांच्या जोड्या १५ निरनिराळ्या प्रकारांनी लावता येतात. त्यांतील खरा प्रकार एकच. १९८७ च्या सुमारास रासायनिक प्रयोगांनी तो निश्चित झाला : पाचवा मणी दहाव्याशी, सहावा चौदाव्याशी आणि नववा सतराव्याशी बांधलेला असतो.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. मण्यांचा क्रम समजला, जोडही समजले, मग आणखी काय शोधावयाचे राहिले? दोर किती लांब आहे आणि त्याला कोठे गाठी आहेत, एवढे कळले तरी त्याचा वेटोळा कसा पडला आहे, हे कळत नाही. प्रथिनाचे काम त्याच्या वेटोळ्यावर, म्हणजे आकारावर अवलंबून असते. कुलपाला किल्ली लागते ती तिच्या धातूमुळे नव्हे, तर तिच्या दातांमुळे. यास्तव आकार उकलणे हेच पुढील काम होते.

स्फटिक आणि क्ष-किरण

अणू इतके लहान असतात की, अत्यंत प्रभावी भिंगातूनही साधा प्रकाश ते दाखवू शकत नाही. त्यांतील अंतरे आंगस्ट्रॉम या मापाने मोजतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक आंगस्ट्रॉम. इतके बारीक अंतर ओळखण्यास क्ष-किरणांचा उपयोग होतो. स्फटिकातून जाताना क्ष-किरण ठराविक दिशांना विखुरतात, हे १९१२ मध्ये जर्मनीत फोन लाउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॅग व लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी त्यावरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसविली, आणि त्याबद्दल त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनासारख्या गुंतागुंतीच्या पदार्थास ही रीत लावून केंड्रू यांनी १९५८ मध्ये स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाचा आकार प्रथम दाखविला.

या रीतीसाठी आधी पदार्थाचा स्फटिक तयार व्हावा लागतो. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून ठेवला, म्हणजे त्यावर हळूहळू खडीसाखरेचे खडे धरतात. प्रथिनाच्या द्रावणातील पाणीही असेच सावकाश कमी करीत नेले, म्हणजे कधी कधी त्याचे बारीक स्फटिक धरतात. स्फटिकात कोट्यवधी रेणू एकसारख्या अंतरावर, एकाच बाजूला तोंड करून बसलेले असतात.

चौफुली पद्धतीने लावलेल्या कपाशीच्या शेताकडे बांधावरून पाहिले, तर झाडांमधून सरळ पट्टे उघडे दिसतात. बांधावरून थोडे पुढे सरकले की, तिरपे पट्टे दिसू लागतात. आणखी सरकले की, निराळ्या अंतराचे पट्टे डोळ्यांपुढे येतात. शेतात पाऊल न टाकताही, या पट्ट्यांची दिशा व अंतरे मोजून झाडे कशी लावली आहेत हे सांगता येईल. स्फटिकातील अणूंच्या ओळींचेही असेच आहे. स्फटिक थोडाथोडा फिरवीत त्यावर क्ष-किरण सोडले, म्हणजे प्रत्येक पट्ट्यापासून परतलेला किरण एक ठिपका उमटवितो. अशा असंख्य ठिपक्यांची जागा व तेज मोजून, गणिताच्या साहाय्याने अणूंचा नकाशा तयार होतो.

आकार कसा निघाला

हे काम जपानमधील शास्त्रज्ञांनी तडीस नेले. त्यांत ओझाकी, कात्सुबे व शिमोनिशी यांचा समावेश होता. जंतूंपासून विष मिळवीत बसण्याऐवजी त्यांनी ते प्रयोगशाळेत मणी-मणी जोडून तयार केले. विषाचे दोन्ही टोकांचे मणी काढून टाकले तरी त्याचा प्रभाव टिकतो, हे आधीच समजले होते. म्हणून पाचव्यापासून सतराव्या मण्यापर्यंतचा, केवळ १३ घटकांचा, विषारी गाभा त्यांनी घेतला. त्याचे स्फटिक केले आणि १९९१ मध्ये त्याची घडण प्रसिद्ध केली. हा नकाशा एका आंगस्ट्रॉमपेक्षाही बारीक अंतर दाखविणारा होता. त्यात प्रत्येक अणू स्वतंत्र ओळखता येतो.

या नकाशात असे दिसून आले की, साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजव्या हाताच्या पिळाने गुंडाळलेली आहे. वाटेत तिला तीन आखूड वळणे आहेत, आणि गंधकाचे तीन जोड हा सर्व पिळ घट्ट धरून ठेवतात. मधल्या वळणावरील अकरावा, बारावा व तेरावा हे तीन मणी बाहेरच्या बाजूस उघडे असतात. याच जागी विष आतड्याच्या पेशीस चिकटत असावे, असे अनुमान निघाले. पुढे १९९४ मध्ये त्याच गटाने, मणी बदलून केलेल्या सौम्य व बिनविषारी नमुन्यांचेही स्फटिक तपासले आणि विषाच्या घडणीशी त्यांची तुलना केली.

उष्णतेने हे विष का मरत नाही, याचा उलगडाही येथेच होतो. अंड्याचा पांढरा बलक तापविला की घट्ट होतो, कारण त्यातील प्रथिनांची गुंडाळी सैल होऊन उलगडते व ती एकमेकांत गुंततात. या विषाची गुंडाळी मात्र तीन ठिकाणी टाके घालून बांधल्यासारखी असते. उष्णता दिली तरी ती उलगडत नाही. उकळत्या पाण्याच्या तापमानात अर्धा तास ठेवूनही तिचा प्रभाव राहतो. जठरातील आम्ल आणि आतड्यातील पाचक रसही तिच्यापुढे हतबल ठरतात. गंधकाचे टाके तोडणारी रसायने घातली, तरच हे विष निकामी होते.

याचा अर्थ दूध-पाणी उकळणे व्यर्थ आहे, असा मुळीच नव्हे. उकळल्याने जंतू मरतात, आणि जंतू मेले म्हणजे पोटात जाऊन नवे विष तयार करणारा कारखानाच बंद पडतो. वासराला बाधणारे विष बहुधा त्याच्या स्वतःच्या आतड्यात, तेथे चिकटलेल्या जंतूंकडून तयार होत असते. म्हणून जंतूला तोंडावाटे आत जाऊ न देणे हाच पहिला बंदोबस्त होय.

कुलूप आणि खोटी किल्ली

आतड्याच्या पेशींवर या विषाला बसण्यासाठी एक जागा असते. ती जागा म्हणजे पेशीचेच एक मोठे प्रथिन होय, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. जंतूच्या विषासाठी शरीराने अशी सोय का करून ठेवावी? याचे उत्तर १९९२ मध्ये मिळाले. आतडे स्वतःच ग्वानिलिन नावाचे १५ मण्यांचे प्रथिन तयार करते. आतड्यात पाणी व क्षार किती सोडावयाचे, हे ठरविण्यास ते उपयोगी पडते. त्यात गंधकाचे दोन जोड असतात, जंतूच्या विषात तीन. म्हणजे जंतूने घरच्या किल्लीसारखी खोटी किल्ली बनविली आहे, आणि ती अधिक कणखर असल्यामुळे कुलपात अधिक घट्ट बसते.

किल्ली फिरली की, पेशीच्या आत संदेश जातो. क्लोराइड क्षार आतड्याच्या पोकळीत सोडणारी दारे उघडतात, आणि मीठ आत घेणारी एक वाट मंदावते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. जिकडे क्षार जातो, तिकडे पाणी जाते. त्याचप्रमाणे शरीरातील पाणी आतड्यात उतरते आणि हगवणीच्या रूपाने वाहून जाते. वासराच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी गेले की, डोळे खोल जातात व चिमटीत धरलेली कातडी लवकर जागेवर येत नाही. बारा टक्क्यांपेक्षा अधिक गेले, तर वासराचा जीव धोक्यात येतो.

परंतु एक वाट हे विष बंद करीत नाही. साखरेचा अंश म्हणजे ग्लुकोज आणि मीठ हे दोन्ही बरोबर आले, तर त्यांना जोडीने आत घेणारे निराळे दार आतड्यात असते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते. अमेरिकेतील रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये हे तत्त्व मांडले. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. पटकीचे विष निराळे असले, तरी त्यातही हे दार उघडेच राहते. वासरांना क्षार-ग्लुकोजचे पाणी पाजण्यामागे हेच शास्त्र आहे.

चिकाचे महत्त्व

विष अतिशय लहान असल्यामुळे शरीरातील रक्षक यंत्रणेच्या ते नजरेत भरत नाही. रोग होऊन गेला तरी या विषाविरुद्ध प्रतिद्रव्ये सहसा तयार होत नाहीत. शिवाय ते घरच्या किल्लीसारखे असल्यामुळे, त्याविरुद्ध लस केली तर ती शरीराच्या स्वतःच्या प्रथिनावर उलटण्याचा धोका असतो. या कारणांनी संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. वासराच्या आतड्याला चिकटण्यासाठी या जंतूला केसासारखे तंतू असतात. या तंतूंविरुद्धची लस गाभण गाईला विण्यापूर्वी टोचण्याची पद्धत काही देशांत रूढ झाली आहे. गाईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये चिकात उतरतात, वासराच्या आतड्यात पोचतात आणि जंतूला चिकटू देत नाहीत. जो जंतू चिकटत नाही, तो शेणावाटे निघून जातो.

लस टोचलेली नसली तरी चिकाचे महत्त्व कमी होत नाही. गाईच्या वारेतून प्रतिद्रव्ये गर्भाकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्याजवळ रोगाशी लढण्याची सामग्री जवळजवळ नसते. ती त्याला केवळ चिकातून मिळते. चिकातील प्रतिद्रव्ये सबंध शोषून घेण्याची आतड्याची शक्ती पहिल्या काही तासांत सर्वांत अधिक असते आणि सुमारे २४ तासांत संपते. काही गावांत वार पडेपर्यंत वासराला पिऊ देत नाहीत, आणि पहिल्या दिवसाचा चीक खरवसासाठी काढून घेतात. हे दोन्ही प्रघात वासराच्या जिवावर बेततात. खरवस करण्यास हरकत नाही. मात्र तो वासराची गरज भागून उरलेल्या चिकाचा असावा.

गोठ्यात पाळावयाचे नियम

१. गाय कोरड्या, झाडून स्वच्छ केलेल्या जागी विऊ द्यावी. सड व कास धुऊन मगच वासरास पाजावे.

२. वार पडण्याची वाट न पाहता पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. पहिल्या २४ तासांत वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश चीक, तीन-चार वेळा विभागून, त्याच्या पोटात जावा. २५ किलोच्या वासरास हे प्रमाण अडीच किलोच्या आसपास येते.

३. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे. दूध पाजण्याची भांडी गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावीत.

४. हगवण लागलेले वासरू ताबडतोब वेगळे बांधावे. त्याचे शेण व ओले गवत दूर खड्ड्यात टाकावे. आधी निरोगी वासरांचे काम उरकावे, मग आजारी वासरास हात लावावा.

५. हगवण दिसताच क्षार-ग्लुकोजचे पाणी पाजण्यास आरंभ करावा. पशुवैद्यकीय दवाखान्यातील पुडी जवळ नसेल, तर माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवून, प्रथमोपचार म्हणून द्यावी. हे पाणी दुधात मिसळू नये. दोन वेळच्या दुधाच्या मधल्या काळात थोडे थोडे पाजावे. दूध सबंध तोडू नये, कारण उपाशी वासरू लवकर खचते.

६. वासरू उभे राहत नसेल, अंग गार पडले असेल किंवा चोखण्याची शक्ती उरली नसेल, तर तोंडाने बळेच काही ओतू नये. पशुवैद्यास बोलवावे, अशा वेळी शिरेतूनच सलाईन द्यावे लागते.

७. प्रतिजैविक औषधे पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. ती जंतू मारतात, पण सोडले गेलेले विष निकामी करीत नाहीत. विषाणूंच्या हगवणीत तर त्यांचा काहीच उपयोग होत नाही, आणि अकारण वापराने जंतू औषधाला सरावतात.

संशोधनाचे आणखी एक फळ

विषाची घडण समजल्याचा लाभ केवळ वासरांपुरता राहिला नाही. आतड्यात पाणी सोडणारी किल्ली औषध म्हणूनही वापरता येईल, हे संशोधकांच्या ध्यानात आले. याच विषाच्या धर्तीवर, तीन गंधक-जोड ठेवून, १४ मण्यांचे लिनॅक्लोटाइड हे औषध तयार झाले. जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांसाठी त्यास अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. वासरांचा घात करणाऱ्या विषाचा साचा अशा रीतीने माणसांच्या उपयोगी पडला.

तथापि ग्रामसेवक आणि पशुपालक यांच्या दृष्टीने या संशोधनाचा मुख्य बोध साधा आहे. विष लहान आहे, टणक आहे आणि एकदा आतड्यात सुटले की त्यावर उतारा नाही. परंतु जंतूला अडविणारा चीक प्रत्येक व्यालेल्या गाईच्या कासेत असतो, आणि गेलेले पाणी परत आणणारी पुडी अल्प किमतीत मिळते. गाभण गाईंची नोंद ठेवणाऱ्या ग्रामसेवकाने गाय विण्यापूर्वीच त्या घरी जाऊन चिकाचा नियम समजावून सांगावा आणि क्षार-ग्लुकोजच्या दोन पुड्या तेथे ठेवण्यास सांगावे. हगवण लागल्यावर पुडी शोधीत फिरण्यात जे तास जातात, तेच वासराच्या आयुष्याचे निर्णायक तास असतात.